लहान-मोठ्या गाड्यांची ग्रुप राइड: रांग एकत्र ठेवायची की तुटू द्यायची?

कृष्णाकाठ
सातारा-कराड पट्ट्यातल्या आमच्या क्लबात आता पंचविसेक गाड्या नियमित येतात. शाइन, स्प्लेंडर, पल्सर १५० पासून क्लासिक ३५०, हिमालयन आणि दोन ६५० सुद्धा. दिवाळीनंतरची राइड ठरते आहे: सातारा – उंब्रज – मल्हारपेठ – पाटण – कोयनानगर – कुंभार्ली घाट – चिपळूण – गुहागर. एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत.

अडचण नेहमीचीच. हायवेला मोठ्या गाड्या सुटतात, मागचे त्यांना गाठायला गाडी पिळतात, घाटात मात्र सगळे गोळा होऊन एकमेकांच्या नंबरप्लेटला चिकटतात. नियमांचा कागद काढावा म्हटलं तर निम्मे म्हणतात, 'क्लबाची शाळा करू नका'. जाणकारांनी सांगावं: एवढी मोठी रांग एकत्र ठेवावी का? हळू गाडी कुठे ठेवावी? वळणावर चुकामूक कशी टाळावी? आणि नियम किती असावेत?

घाटवाट
तुटू द्या. किंबहुना निघतानाच तोडून निघा.

हिशेब बघा. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. स्टॅगर्ड चालवताना, म्हणजे एक गाडी लेनच्या उजव्या बाजूला, पुढची डाव्या बाजूला अशी, तिरक्या गाडीपासून एक सेकंद आणि सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर ठेवायचं. २५ गाड्या म्हणजे २४ फटी, रांग झाली ४०० मीटर. पाटणच्या पुढे रस्ता अरुंद आणि वळणांचा, तिथे स्टॅगर्ड चालत नाही, एकामागे एक यावंच लागतं. दोन-दोन सेकंदांनी तीच रांग ८०० मीटर. मागून आलेल्या एसटीने ८०० मीटर ओलांडायचे कसे? ती तीन-चार गाड्या ओलांडते, समोरून ट्रक दिसला की डावीकडे घुसते, आणि तिथे तुमच्यातला कोणीतरी असतो.

सहा-सहाचे गट करा. सहा गाड्या स्टॅगर्डमध्ये ८५ मीटरमध्ये बसतात. प्रत्येक गटाला स्वतःचा लीड (सगळ्यात पुढचा), स्वतःचा टेल (सगळ्यात मागचा). दोन गटांत पाच मिनिटं ठेवा, म्हणजे ५० च्या सरासरीने चार किलोमीटर. मागच्या गटाने पुढच्याला गाठायचं नाही, हा एकच नियम भांडून पाळायला लावा.

बुलेटवाले_बापू
पाच मिनिटांनी निघायचं, वेगळं वेगळं जायचं, मग क्लब कशाला काढला? उंब्रजच्या चौकातून पंचवीस गाड्या एका लाइनीत गेल्या पायजेत, लोकांनी वळून बघितलं पायजे. त्यालाच ग्रुप राइड म्हणत्यात.

तिरपी_नजर
बापू, लोक वळून बघतात ते 'ही वरात कधी संपणार, आम्हाला रस्ता ओलांडायचाय' म्हणून.

रानजाई
घाटवाट यांच्या हिशेबाला जोडून. रांग मोठी झाली की शेवटच्याला सगळ्यात जोरात चालवावं लागतं, हे पुढच्यांच्या लक्षातच येत नाही.

स्पीडब्रेकर घ्या. तिथे गाड्या साधारण दोन-दोन सेकंदांनी सुटतात. ४०० मीटरची रांग ब्रेकर ओलांडून होईपर्यंत ८०० मीटर झालेली असते, कारण पहिला ओलांडल्या ओलांडल्या ६० ला गेलेला असतो. ते ४०० मीटर भरून काढायला शेवटच्याला ७५ च्या वेगाने दीड मिनिटाच्या वर, म्हणजे दोन किलोमीटर पळवावं लागतं. तोवर पुढचं गाव, पुढचा ब्रेकर. डबलसीट शाइन दिवसभर अशी पिळली की संध्याकाळपर्यंत चालवणाऱ्याचे खांदे आणि मागचीची कंबर, दोन्ही गेलेलं असतं.

म्हणून लीडने ब्रेकर ओलांडला की लगेच थ्रॉटल उघडायचा नाही. सहाच्या गटात मनात बारा आकडे मोजायचे, तोवर ३०-३५ वरच राहायचं, आणि आरशात टेलचा दिवा ब्रेकरच्या अलीकडून पलीकडे आला की मग हळूहळू वाढवायचं. पंचविसांच्या रांगेत टेल आरशात दिसतच नाही, हीच खरी गोम आहे.

हळू गाडी लीडच्या लगेच मागे, दोन नंबरला. लीडला ती सतत दिसते आणि वेग आपोआप तिच्यावर बेतला जातो. टेल मात्र सगळ्यात अनुभवी माणूस हवा, सगळ्यात हळू नव्हे. बऱ्याच क्लबांत 'तू हळू चालवतोस ना, मग मागे राहा' असं म्हणतात. त्याला मागे टाकून तुम्ही त्यालाच जोरात चालवायला लावता.

टॉर्कशास्त्री
दोन नंबरशी सहमत, पण एक पुरवणी. गट सीसीवर पाडू नका. ३५० च्या वरचे एका पंगतीत आणि १२५ वाले दुसऱ्या पंगतीत असं केलंत तर दोन राइडमध्ये क्लब दोन होतील. आणि तांत्रिकदृष्ट्याही ते चुकीचं आहे. रोज पाटण-कोयना अप-डाउन करणारा स्प्लेंडरवाला कुंभार्ली उतरताना ६५० वाल्याच्या पुढे असतो. ६५० दोनशे किलोच्या वर, वर डबलसीट आणि सामान. उतारावर ते वजन थांबवायचं काम ब्रेकचं असतं, सीसीचं नाही.

गट चालवणाऱ्याच्या सवयीवर पाडा: घाट सरावाचा आहे की नाही, मागे कोणी बसणार आहे की नाही, सलग किती तास बसू शकतो. हे तीन प्रश्न आदल्या दिवशी विचारले की गट आपोआप पडतात.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
पाच प्रतिसाद झाले आणि नाश्ता कुठे याचा उल्लेख नाही. हा नक्की मराठी क्लब आहे ना?

दिशादर्शक
चुकामुकीबद्दल. सगळ्यांनी सगळ्यांना बघत राहायची गरज नसते. मार्कर लावा.

पद्धत अशी: जिथे रस्ता बदलायचा तिथे लीड डाव्या हाताने खाली जागा दाखवतो, आणि त्याच्या मागचा, म्हणजे त्या क्षणी दोन नंबरला असलेला, तिथेच थांबतो. बाकी सगळे त्याला बघून वळतात. टेल आला की मार्कर टेलच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या वळणावर नवा दोन नंबर. असे सगळे फिरत राहतात. लीड आणि टेल मात्र दिवसभर तेच.

बिघडतं कुठे ते सांगतो. एक, मार्कर कंटाळून निघतो. 'सगळे गेले असतील' असं वाटतं, आणि नेमका टेल पंक्चरवाल्याजवळ थांबलेला असतो. टेल दिसल्याशिवाय हलायचं नाही, मग अर्धा तास लागो. दोन, मार्कर वळणाच्या आतल्या अंगाला थांबतो, मागच्यांना तो वळल्यावरच दिसतो. वळणाच्या अलीकडे, डाव्या कडेला, डांबराच्या खाली उतरून, शंभर मीटरवरून दिसेल असं थांबायचं. गाडीवर बसून राहू नये, उतरून रस्त्यापासून लांब उभं राहावं. तीन, टेल ओळखूच येत नाही. त्याला वाहतूक पोलिसांसारखं चकचकीत पोपटी जॅकेट घाला आणि दुसऱ्या कोणाला त्या रंगाचं घालू देऊ नका.

आणि रानजाईताई, इथे तुमच्या दोन नंबरशी गाठ पडते. हळू गाडी दोन नंबरला असेल तर तीच पहिली मार्कर होते आणि मग मागे जाते. त्यामुळे दोन नंबर कायमचा धरून तीन नंबरने मार्कर व्हायचं, हे निघायच्या आधी ठरवून घ्या. नाहीतर उंब्रजलाच घोळ.

रानजाई
बरोबर, तीन नंबर. हे मूळ प्रतिसादातच लिहायला हवं होतं.

लुना_ते_लडाख
या रस्त्याला मार्कर लागतील अशा जागाच किती? उंब्रजला हायवे सोडताना, मल्हारपेठला कराड-पाटण रस्त्याला लागताना, चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर, आणि पुढे शहरातून गुहागर रस्त्याला. बाकी रस्ता सरळ नाकासमोर. त्यात उंब्रजला पुलाखालच्या सर्व्हिस रोडला जो चुकतो तो थेट कराडला पोचतो, तिथे मात्र मार्कर हवाच.

मधल्या पट्ट्यासाठी सोपी पद्धत: प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याचा दिवा सांभाळायचा. २०१७ च्या एप्रिलपासून विकलेल्या सगळ्या दुचाक्यांचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे आरशात बघायला त्रास नाही. जुनी गाडी असेल तर लो बीम लावून ठेवा. दिवा दिसेनासा झाला की वेग कमी, तरी दिसला नाही की सुरक्षित जागा बघून थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुमचा दिवा जातो, मग तो थांबतो. निरोप आपोआप लीडपर्यंत पोचतो, इंटरकॉम नसला तरी.

परत फिरायला मात्र घाई नको. घाटात यू-टर्न अजिबात नाही. टेल त्याच्यापाशी आहेच, म्हणून तर टेल ठेवला. दहा मिनिटं थांबा, मग एकच गाडी मागे पाठवा.

लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. घाटात रेंज गेली की नकाशावरचा ठिपका जिथे होता तिथेच बसतो आणि लोक त्या ठिपक्याला शोधत फिरतात.

बुलेटवाले_बापू
एवढं करण्यापेक्षा सगळ्यांनी हजार्ड लावून चालवायचं. लांबून कळतंय ग्रुप चाललाय ते.

चेन_स्प्रॉकेट
बापू, नको. हजार्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत इंडिकेटर वेगळा कळतच नाही, चारही लुकलुकत असतात. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही वळताय की थांबलाय की नुसतेच हौशी आहात, काही समजत नाही. हजार्ड हा थांबलेल्या गाडीचा दिवा. चालत्या रांगेत तो लावला की खरोखर कोणी बंद पडून कडेला उभा राहिला तर त्याच्या हजार्डकडे कोणी बघत नाही.

आता निघण्याआधीची तपासणी. राइड बहुतेक वेळा मोठ्या बिघाडाने अडत नाही, आठवडाभर आधी दिसत असलेल्या किरकोळ गोष्टीने अडते.

चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून २५ ते ३५ मिमी खेळ, साध्या रोडबाइकला. उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त लागतो, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आकडा असतो. मागचं चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन संपली, ॲडजस्ट करून उपयोग नाही. डबलसीट जाणार असाल तर चेन ताठ ठेवू नका, वजनाने मागचं चाक वर सरकलं की ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते.

ब्रेक: डिस्क पॅड दोन मिमीच्या खाली असतील तर बदलूनच या. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही. डॉट ४ प्रकारचं हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कुंभार्लीच्या उतारावर सतत ब्रेक लागला की ते पाणी उकळतं, वाफ होते, आणि लिव्हर स्पंजसारखी आत जाते. मागे ड्रम असलेल्यांनी उतारावर पाय ब्रेकवर ठेवून बसू नये. दुसरा-तिसरा गिअर, इंजिनावर गाडी, वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदा नीट मारून सोडायचे.

क्लच केबल: लिव्हरच्या टोकाला तार उसवायला लागली आहे का बघा. एक धागा तुटलेला दिसला की बाकीचे त्याच वाटेवर असतात. नवी केबल जुनीच्या शेजारूनच ओवून टायने बांधून ठेवा, वाटेत दहा मिनिटांत बदलता येते.

हवा: स्टिकरवर असेल तेवढीच, सकाळी टायर थंड असताना. 'ग्रिपसाठी पाच पॉइंट कमी' हा सल्ला डांबरावर कोणी दिला तर नमस्कार करून पुढे जा. ओल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर पाणी कमी कापतो.

हवा_भरा
नमस्कार करून पुढे जा, हे आवडलं.

टॉर्कशास्त्री
हत्यारांबद्दल. पंचवीस जणांनी पंचवीस स्क्रू ड्रायव्हर आणायची गरज नाही, पण प्रत्येक गटात एक संच पूर्ण हवा आणि तो टेलकडे हवा, कारण बिघडलेल्या गाडीपाशी तोच पोचणार. ट्यूबलेस पंक्चर किट, बॅटरीवर चालणारा कंप्रेसर, १० ते १९ पर्यंतचे पाने, ॲलन की, पक्कड, १०-१५-२० अँपिअरचे फ्यूज, टाय, इन्सुलेशन टेप, इंजिनात जाते ती एक लिटर ऑइलची बाटली.

इथे एक खोच आहे. ॲक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट प्रत्येक गाडीला वेगळा. ज्याची गाडी, त्याने आपल्या ॲक्सलचा पाना स्वतः आणायचा. स्पोकच्या, ट्यूबवाल्या गाडीला ट्यूबलेस किटचा काही उपयोग नाही. तिथे टायर लिव्हर आणि स्पेअर ट्यूब लागते. क्लासिक ३५० ला पुढे १९, मागे १८ इंच. हिमालयन ४११ ला पुढे २१, मागे १७. म्हणजे 'एन्फिल्डवाले चौघे आहेत, कोणाकडे तरी असेल' हे चालत नाही.

पंक्चरचा प्लग लावताना घाई करू नका. खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघून काढा, त्याच कोनात रीमर (भोक साफ करायचं खरखरीत हत्यार) पाच-सहा वेळा फिरवा, पट्टीला सोल्यूशन लावून अर्ध्यापेक्षा थोडी जास्त आत ढकला, झटक्यात सुई बाहेर, वरचं शेपूट दोन-तीन मिमी ठेवून कापा. थुंकी लावून बुडबुडा बघा. सगळ्यात जास्त प्लग निसटतात ते रीमर दोनदाच फिरवल्यामुळे.

बीएस-६ गाड्या धक्का मारून चालू होतील या भरवशावर राहू नका. बॅटरी पूर्ण बसली असेल तर टाकीतला पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांनाच वीज नाही, कितीही ढकला. जंपर वायर ठेवा. आणि इंजेक्शनच्या गाडीची टाकी पार कोरडी होऊ देऊ नका, आतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

कोकणी_मेवा
दिवाळीनंतर म्हणताय म्हणजे पाऊस नाही, पण ऊस आहे. कराड-पाटण पट्ट्यात कारखाने सुरू झालेले असतात. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा असेलच असं नाही, उसाची टोकं बाजूला दोन फूट बाहेर आलेली. पहाटे अंधारात निघणार असाल तर हायवे सोडल्यापासून हाच धोका. उजाडल्यावर निघा, अर्धा तास उशिरा पोचलात तर समुद्र कुठे जात नाही.

ओव्हरटेकचा नियम इथे लागतो. प्रत्येकाने स्वतः बघून ओलांडायचं. 'पुढचा गेला म्हणून मी' हे ट्रॉलीच्या शेजारी असताना सगळ्यात महागात पडतं, कारण पुढच्याला मोकळा दिसलेला रस्ता तुम्ही निम्म्यात असताना भरलेला असतो. आणि जो ओलांडून गेला त्याने लगेच ट्रॉलीच्या पुढ्यात डावीकडे येऊन वेग कमी करायचा नाही. पुढे जात राहायचं, मागच्याला आत शिरायला जागा ठेवायची.

घाट उतरताना जाणार तुम्ही. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, ती रस्त्याची जुनी रीत. एसटी आणि ट्रक वळणावर तुमच्या बाजूला येणारच, त्यांना तेवढी जागा लागतेच. वळणाआधी हॉर्न, आणि मधल्या पट्टीला चिकटून नाही, डाव्या बाजूच्या मध्यात. घाटात एकामागे एक, स्टॅगर्ड बंद. लीडने एक बोट वर केलं की सिंगल.

पावसाळ्यात कोणी हा धागा वाचत असेल तर: कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणि शेवाळावर ब्रेक नको, आणि शेतातून पॉवर टिलर रस्त्यावर चढतो तिथला लाल चिखल तेलापेक्षा वाईट.

बुलेटवाले_बापू
उसाचं खरं हाय. त्या ट्रॉलीवर बोलू तेवढं कमी.

बरं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेल्यांना यात मुभा हाय का? घाटात आवाज चांगला घुमतोय.

तिरपी_नजर
बापू, आलात का मूळ मुद्द्यावर :)

रानजाई
मुभा नाही. कायद्याने दंड आहे हा एक भाग. दुसरा असा की हा रस्ता कोयना अभयारण्याच्या अंगाने जातो, ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आणि तिसरं, रांगेत अशी गाडी पुढे असेल तर मागच्या पाच जणांना ना हॉर्न ऐकू येतो ना स्वतःच्या इंजिनाचा बदललेला आवाज. ज्याला फारच हौस आहे त्याने टेलच्याही मागे चालवावं.

वैद्यबुवा
अपघाताबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून.

पहिला जो पोचेल त्याने जखमीकडे धावू नये. आधी मागच्या वळणावर माणूस उभा करावा, नाहीतर मागून येणारी गाडी दोघांवर येते. रस्त्यावर वीस जण गोळा होऊ देऊ नका. एकाने १०८ लावायचा, रेंज नसेल तर गाडी घेऊन रेंजपर्यंत जायचं आणि ठिकाण सांगताना 'घाटात' एवढंच न म्हणता जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगायचा. ११२ ही चालतो.

हेल्मेट ओढून काढू नका. शुद्धीवर असेल, श्वास नीट चालू असेल तर वायसर उघडा, हनुवटीचा पट्टा सैल करा, मान हलू देऊ नका. श्वास घेताच येत नसेल तरच काढायचं आणि तेव्हाही दोघांनी: एकाने खालून मान आणि जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून हळूहळू. उठवून बसवणं, पाणी पाजणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं बंद. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका.

प्रत्येकाचा रक्तगट, घरचा नंबर, डायबिटीस किंवा ॲलर्जी असेल तर ते कागदावर लिहून जॅकेटच्या डाव्या खिशात. सगळ्यांचा एकाच खिशात हवा. मोबाइलला लॉक असतं. आणि मदत करणाऱ्याला पोलिसांची भीती बाळगायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं, त्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

हिशेबनीस
दोस्ती तुटते ती वेगावरून कमी आणि पैशावरून जास्त, म्हणून हे आधी बोला. पेट्रोल ज्याचं त्याने. नाश्ता, जेवण, मुक्काम यांची कॉन्ट्री निघायच्या आधी जमा, परत आल्यावर दोन दिवसांत हिशेब ग्रुपवर. मधूनच परत फिरणाऱ्याला मुक्कामाचे पैसे परत मिळणार की नाही हे आधीच लिहा.

गाडी घाटात बंद पडली आणि छोटा हत्ती करून चिपळूणला न्यावी लागली तर भाडं कोणाचं? काही क्लब मालकाचं म्हणतात, काही वर्गणीतून अर्धं देतात. दोन्ही चालतं, फक्त त्या क्षणी रस्त्याच्या कडेला ठरवायला बसू नका. अर्धं वर्गणीतून द्यावं असं माझं मत, कारण मग माणूस बिघडत आलेली गाडी लपवून न आणता आधी सांगतो.

कोकणी_मेवा
आणि बंद पडलेल्याजवळ थांबायचं ते टेल आणि आणखी एकाने. बाकी गटाने पुढच्या ठरलेल्या थांब्यावर जायचं. सगळेच थांबले की प्रेम दिसतं खरं, पण घाटातल्या वळणावर सहा गाड्या उभ्या म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी. कुंभार्लीत दुरुस्त होण्यासारखं नसेल तर गाडी बंद इंजिनावर, न्यूट्रलमध्ये उतरवत आणायचा मोह टाळा, इंजिनाचा ब्रेक नसतो, सगळा भार ब्रेकवर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चार गट करतोय, तीन सहा-सहाचे आणि एक सातचा. हळू गाडी दोन नंबरला, मार्कर तीन नंबर, टेलला पोपटी जॅकेट. हायवेला ५५-६०. ट्रॉल्यांमुळे सातला निघू.

'शाळा' वाल्या मंडळींचं काय करावं, ते अजून कोणी सांगितलं नाही. आणि पेट्रोल?

घाटवाट
कागद काढू नका, निघताना पाच मिनिटं उभं राहून तीनच गोष्टी सांगा: पुढच्या गटाला गाठायचं नाही, टेल दिसल्याशिवाय मार्कर हलणार नाही, ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून. बाकी सगळं लीड आणि टेलचं काम आहे, त्यांनाच सविस्तर सांगा. मोडणाऱ्याला ओरडू नका, पुढच्या राइडला त्याला टेल करा. सहा जणांच्या मागे दिवसभर राहून, मार्कर गोळा करत, ब्रेकरनंतरची फट भरत आला की बहुतेकांची 'शाळा' ची तक्रार संपते. संपली नाही तर तो स्वतः वेगळा फिरायला लागतो, तेही वाईट नाही.

लुना_ते_लडाख
पेट्रोल: आदल्या संध्याकाळी टाकी फुल करूनच यायचं. सकाळी पंचवीस गाड्या एका पंपावर, गाडीला दोन-तीन मिनिटं, एकच नोझल चालू असेल तर तास गेला. गटात सगळ्यात लहान टाकी कोणाची ते बघा. १० लिटरची असली तरी ५० च्या ॲव्हरेजने या रस्त्याला गुहागरपर्यंत आरामात पुरते. उलट १३ लिटरची ३५० डबलसीट ३०-३२ देत असेल तर तिचीच परतीची चिंता. चिपळूणलाच भरून घ्या, गुहागरला रात्री शोधत बसू नका.

बुलेटवाले_बापू
बरं, सहा-सहाचे करा. पण गुहागरात शिरताना तरी सगळे एकत्र.

रानजाई
गावाबाहेर सगळे थांबून एकत्र शिरा, वेग २०, हॉर्न नाही. त्याला कोणाचीच हरकत नसावी.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव
आता तरी नाश्ता? पाटण की कोयनानगर?

दिशादर्शक
पाटण. गट पाच-पाच मिनिटांनी येणार, त्यामुळे हॉटेलवाल्यावर एकदम पंचवीस प्लेटचा मारा होत नाही, हा तुकड्यांचा आणखी एक फायदा. पहिल्या गटाने चहा संपवून जागा सोडायची. तर्री जपून, पुढे घाट उतरायचाय आणि वायसरच्या आत ढेकर फार वेळ राहतो.